एकोणीस वाक्यांची तार

तारेच्या फॉर्मला टाचणी लावलेली होती. द्वारकेला तिथंच खटकलं. तारेचा फॉर्म म्हणजे एक कागद, त्याला टाचणी कशाला? तिने तो उलटून पाहिला. खाली आणखी तीन फॉर्म होते, सगळे कडेपर्यंत भरलेले.

करंजवडे संस्थानचे तारमास्तर म्हणजे द्वारकेचे वडील. ते हिवतापाने आतल्या खोलीत पडून होते आणि चार दिवस त्यांच्या जागी तीच यंत्रावर बसत होती. कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली, इंग्रजी चांगलं, बोटं हलकी. फक्त यंत्र खटखटलं की ती दर वेळी दचकायची. तारऑफिसात हे जरा गैरसोयीचं होतं.

फॉर्म घेऊन कारभारी आबाजीपंत स्वतः आले होते. त्यांनी सांगितलं ते असं. करंजवड्यात उधळपट्टी चालते, अशी कोणीतरी संस्थानावर देखरेख करणाऱ्या इंग्रज एजंटसाहेबाकडे कागाळी केली होती. आज संध्याकाळपर्यंत तारेने खुलासा आला नाही, आणि तो साहेबाला पटला नाही, तर खजिन्याच्या किल्ल्या साहेब स्वतःकडे घेणार होता. खुलासा संस्थानिक श्रीमंत दाजीसाहेबांनी स्वहस्ते इंग्रजीत लिहिला होता. गेल्याच आठवड्यात इंग्रजी शिकवायला ठेवलेल्या नव्या मास्तरांनी त्यांना 'इकॉनॉमिकली', म्हणजे 'काटकसरीने', हा शब्द शिकवला होता. सरकारांना तो फार आवडला होता.

द्वारका वाचू लागली. 'वुई ईट इकॉनॉमिकली. वुई स्लीप इकॉनॉमिकली. अवर एलिफंट बेद्स इकॉनॉमिकली.' अशी एकोणीस वाक्यं होती.

"हत्ती काटकसरीने आंघोळ करतो?" तिने विचारलं.

"नदीवर करतो," आबाजीपंत म्हणाले. "पाण्याला पैसे पडत नाहीत. मास्तरांनी सगळं तपासलंय. व्याकरणात एक चूक नाही."

चूक नव्हतीच. पण तारेच्या माथ्यावर शब्दांचा आकडा जातो आणि एजंटसाहेब म्हणे आधी तोच बघायचा. एवढी लांबलचक तार पाहिल्यावर साहेब पुढचं वाचणारसुद्धा नाही, असं द्वारकेने भीत भीत सुचवलं. त्यावर आबाजीपंतांनी सांगितलं, की सरकारांनी तोही विचार केलेला आहे. म्हणून हुकूम असा, की तार एका रुपयात बसवायची, म्हणजे पत्ता धरून बारा शब्द. आणि सरकारांचं एकही वाक्य गाळायचं नाही.

"बारा शब्दांत एकोणीस वाक्यं कशी बसतील, पंत?"

"ते सरकारांनी तारऑफिसावर सोपवलंय. नाही बसली, तर तारमास्तरांनी उद्या सकाळच्या मोटारीने बिऱ्हाड हलवावं."

एवढं सांगून ते गेले. आतून वडिलांनी कोण आलं होतं म्हणून विचारलं. ताप एकशेतीन होता. कोणी नाही, असं द्वारकेने सांगितलं आणि ती पेन्सिलीला टोक काढत बसली. टोक तीनदा मोडलं.

दुपारी तीनला श्रीमंत दाजीसाहेब स्वतः तारऑफिसात आले, मागे आबाजीपंत. द्वारका इतकी दचकली की स्टूल पडलं.

"तार गेली?"

"गेली, सरकार. दहा वाजताच."

"खर्च?"

"एका रुपयाच्या आत."

"आमची वाक्यं किती गाळलीस?"

"एकही नाही, सरकार."

दाजीसाहेब बाकड्यावर बसले आणि त्यांनी नक्कल मागून घेतली. पत्त्याखाली पाच शब्द होते. 'लिव्हिंग इकॉनॉमिकली. डिटेल्स बाय पोस्ट.' म्हणजे काटकसरीने राहतो, तपशील टपालाने. त्यांनी कागद उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"आणि आमची एकोणीस वाक्यं?"

"अकराच्या टपालाने गेली, सरकार. पाकिटात घालून, टाचणीसकट. तिकीट मी माझ्या डब्यातलं लावलं."

दाजीसाहेबांच्या मिशा हलल्या. आबाजीपंत भिंतीवरचं घड्याळ निरखू लागले.

"आम्ही हा शब्द एकोणीस वेळा वापरला," दाजीसाहेब सावकाश म्हणाले. "मास्तर म्हणाले, प्रत्येक ठिकाणी बरोबर आहे. तू एकदाच वापरलास. म्हणजे अठरा ठिकाणी आमचं चुकलं, असं तुझं म्हणणं?"

आत वडील खोकले. उद्या सकाळची मोटार सव्वासहाची होती.

"चुकलं नाही, सरकार," द्वारका म्हणाली. धीर जाण्याआधी सांगून टाकावं, म्हणून ती भरभर बोलली. "पण काटकसर एकदा सांगितली तर साहेबाला खरी वाटेल. एकोणीसदा सांगितली, तर त्यातली एकही वाटणार नाही."

दाजीसाहेबांनी नक्कल पुन्हा वाचली. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते एवढ्या मोठ्याने हसले की बाकडं करकरलं. हसता हसताच त्यांनी बोटातली पाचूची अंगठी काढून तिच्यापुढे धरली.

द्वारका मागे सरली. "आज नको, सरकार. काटकसरीची तार आजच गेलीय."

दाजीसाहेबांनी अंगठी परत घातली. जरा विचार करून म्हणाले, "बरं. साहेबाला पटलं, तर तुझ्या वडिलांची जागा कायम, आणि इथली दुसरी जागा तुझी. पगारी. नाही पटलं तर मोटार."

उत्तर यायचं ते जंक्शनवरून. पण जंक्शन दुपारपासून गप्प होतं. द्वारका दर दहा मिनिटांनी खटका दाबून त्यांना हाक देत होती आणि पलीकडून काही येत नव्हतं. चार वाजले. दाजीसाहेबांनी चहा मागवला, मग आबाजीपंतांकडे पाहून अर्धा कप सांगितला. पाच वाजले. हत्ती नदीवरून परत गेला. द्वारकेने पुन्हा हाक दिली, पुन्हा दिली. बोटाला घट्टा पडायला आला होता.

सहाला दहा कमी असताना यंत्र खटखटलं. ती दचकली, पण हात लिहीत राहिला. कागद तिने स्वतःशी दोनदा वाचला आणि मग सरकारांना मराठीत सांगितलं.

"पटलं. किल्ल्या तुमच्याकडेच ठेवा."