ईमेल पोचला कधी?

कातळवाडीच्या शाळेमागे दगडखाण होणार होती. तिच्याविरुद्ध गावाच्या दोनशे हरकती तिथल्याच, कॉलेज शिकलेल्या शर्वाणीने मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ईमेलने पाठवल्या. सुनावणीत अधिकारी हिंगमिरेसाहेबांनी त्या एका वाक्यात उडवून लावल्या.

"मेल आम्ही सोमवारी उघडला, तोवर मुदत संपली होती."

"पण साहेब, शुक्रवारीच तो तुमच्याकडे आला होता!"

"बाई, आम्ही उघडून, छापून, आवक शिक्का मारला की मगच ईमेल पोचला म्हणायचा. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

खाणवाले हसले. मागे बसलेल्या आयाबायांचे चेहरे उतरले. आज हरकती गेल्या, तर महिन्याभरात शाळेमागे सुरुंग उडणार होते. शर्वाणी मागे हटली नाही.

"ही व्याख्या लिहून द्याल?"

"आनंदाने!" साहेबांनी ती लेखनिकाकडून लिहवून घेतली आणि खाली सही ठोकली.

"आता खाणीची नोटीस," शर्वाणी म्हणाली. "तीही तुम्ही ग्रामपंचायतीला ईमेलनेच पाठवलीत. आमच्या पंचायतीने तो मेल अजून उघडलेलाच नाही. खाणवाले जागा मोजायला आले, तेव्हा आम्हाला कळलं. हरकतीची मुदत नोटीस पोचल्यापासून मोजतात ना? मग ती अजून सुरूच झालेली नाही. आम्ही तो मेल वर्षभराने उघडू. तोवर खाण थांबेल?"

खाणवाल्यांचा वकील ताडकन उठला. "असं कसं चालेल? मेल आला की पोचलाच!"

"मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय, वकीलसाहेब?"

हिंगमिरेसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"शुक्रवार धरा," ते लेखनिकाला म्हणाले.