शिरीषची फायरवॉल

"नियम मी लिहिला, पण लाइन तर कंपनीची ना, सर? मग चूक नक्की कुणाची?"

शिरीषने हे तिसऱ्यांदा विचारलं. नाडगौडा सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मिरजेत ज्या चार-दोन जणांना लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीची गोडी लागली, ती सरांमुळेच. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस गुडघ्यांपायी जिना उतरत नसे, पण वर आलेल्याला शिकवायला कधी कंटाळला नाही. शिरीष त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि हे सगळ्यात आधी शिरीषलाच ठाऊक होतं.

दोन वर्षांत त्याने तीन इंटरनेट कंपन्या बदलल्या होत्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच. घरातलं सगळं त्याने स्वतः जुळवलं. जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला, त्यावर आईच्या खोलीतला कॅमेरा जोडला आणि आईचा इंटरनेटवर चालणारा फोनसुद्धा. आई ऐंशीची. गेल्या पंधरवड्यात न्हाणीघरात पडली होती. तेव्हापासून बाहेर असला की तो दर दहा मिनिटांनी तिला मोबाईलवर बघायचा.

आज सरांना दाखवायला म्हणून त्याने सरांच्या घरी बसल्या बसल्या घरच्या सर्व्हरची फायरवॉल आणखी कडक केली. बाहेरच्या कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम. एंटर दाबलं आणि कॅमेरा गेला. फोनही गेला.

आपणही बाहेरच आहोत, हे शिरीषच्या डोक्यात नंतर आलं. पण अशा वेळी कंपनीला दोष दिला की जरा बरं वाटतं. कंपनीच्या फोनवर रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगत होती, आपण रांगेत सातवे आहात.

"कॅमेरा गेला तेव्हा आई काय करत होती?" सरांनी विचारलं.

"पलंगावरून उठत होती..."

"शेजारी कुणी?"

"आहेत. पण त्यांचा नंबर... घेतलाच नाही कधी."

"घर किती लांब?"

"चालत दहा मिनिटं. पण सर, इथूनच आत शिरायची अजून एक वाट आहे. घरच्या राउटरचा सगळा कोड उघडा आहे, मी ओळ न् ओळ वाचलीय. फक्त पाच मिनिटं द्या."

"मघाशीही पाचच म्हणालास."

"आता सापडेल, सर."

कॅमेरा जाऊन पाऊण तास होऊन गेला होता. शिरीष घाबरला होता, आणि घाबरला की त्याला आणखी जोरात टाइप करण्यापलीकडे काही सुचत नसे.

सर खुर्चीचे हात धरून उठले. कोपऱ्यातली काठी घेतली आणि शिरीषसमोर हात पुढे केला.

"घराची किल्ली दे."

त्याने स्क्रीनवरची नजर न काढता खिशातली किल्ली दिली. सरांनी चपला पायात सरकवल्या. एक... मग थोडं थांबून दुसरी.

जिन्यावर काठी वाजली, तेव्हा कुठे शिरीषने मान वर केली. तो दाराशी धावला.

"सर, कुठे निघालात? तुमचे गुडघे..."

सर दुसऱ्या पायरीवर कठडा धरून उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"तुझं चालू दे. मी तुझ्या आईला बघून येतो."