नवलराईचे भाऊबंद

एका राज्यात, जिथे डोंगर कंटाळा आला की कूस बदलीत आणि नद्यांना आपापली नावे पाठ असत, रत्नकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य कुठले ते विचारू नये. मी तिथे जेवून आलो आहे, एवढे पुरे.

राजा वाईट नव्हता. त्याला फक्त भूमिपूजनाचा नाद होता. हे ऐकून परमुलखातून धूम्राक्ष नावाचा मांत्रिक आला आणि त्याने सोन्याची कुदळ नजर केली. म्हणाला, "महाराज, सकाळी घाव घाला, सांजेला महाल उभा." राजाने घाव घातला. सांजेला महाल उभा राहिला. गवंडी नाही, चुना नाही, आरडाओरडा नाही. दरबाराने माना डोलावल्या. मग राजा हात धुवायला गेला, तो कुदळ हाताला चिकटलेली! शाप असा होता, की राज्यातली शेवटची हिरवी जागा खणून होईतो ती सुटायची नाही; आणि पहाट झाली की तळहाताला अशी खाज सुटे, की खणल्यावाचून राहवेना. राजा डाव्या हाताने जेवू लागला, कुदळ कुशीत घेऊन झोपू लागला. राणीसाहेब दुसऱ्या महालात राहायला गेल्या. महालांना तोटा नव्हताच.

तलाव गेला, तिथे जलमहाल आला. जल मात्र आटले. गायरान गेले, गोमहाल आला. गाईंची शिंगे दारात अडकू लागली. लोक कुरकुरले नि गप्प बसले. जो तो म्हणे, आपल्या दारात तर नाही ना आले?

अखेर उरली वेशीबाहेरची नवलराई. तिथली झाडे दुपारी एकमेकांशी बोलत, पाखरे माणसांशी बोलत, आणि माणसे तिथे गेली की थोडा वेळ गप्प बसत. एके सकाळी दवंडी पिटली: "उद्या नवलराईच्या जागी सुवर्णमनोरा होणार हो! प्रजेने आनंद मानावा हो!"

ठकूमावशी भडभुंजीण तेव्हा भट्टीवर लाह्या फोडत होती. सबंध नगरात तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस सापडला नसता. धनेश पक्षी आपली अवजड चोच सांभाळत तिच्यापुढे उतरला.

"मावशी, माझी बायको ढोलीचे तोंड लिंपून आत अंड्यांवर बसली आहे. तिला मी उद्या कुठे हलवू?"

"बाळंतिणीला कोण हलवतं रे मेल्या?" मावशी म्हणाली. "हलवायचंच तर राजाला हलवू."

आणि हातातला झारा तसाच घेऊन ती दरबारात गेली. मागून आळी निघाली, आळीमागून पेठ निघाली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे केले, पण त्यातल्या एकाची आईच गर्दीत होती. भाले उभे झाले.

राजा म्हणाला, "बाई, मनोरा तुमच्याचसाठी आहे. वर चढले की राई फार सुंदर दिसेल."

"राई तोडून मनोरा बांधायचा, आणि मनोऱ्यावरून राई बघायची?" मावशी म्हणाली. "महाराज, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

दरबारात कोणीतरी फिसकन हसले. धूम्राक्ष पुढे झाला.

"राजाज्ञेला नाही म्हणणाराने तीन पण जिंकावेत, असा या सिंहासनाचा कायदा आहे. हरलीस तर शिळा होशील, आणि मनोऱ्याच्या पायात पहिली तूच बसशील. कबूल?"

"कबूल. पण जिंकले तर राईला कोणी बोट लावायचं नाही."

"पहिला पण. राईच्या बाजूने साक्षीदार आण. तो या राजघराण्याहून जुना असावा."

मावशी राईत गेली आणि थोरल्या वडाच्या कानात बोलली. वडाने नकार दिला नाही. म्हातारा काठ्या टेकीत चालतो तसा तो पारंब्या टेकीत टेकीत दरबारात आला. दार अरुंद होते, म्हणून त्याने दार रुंद केले. छत बुटके होते, म्हणून छताने जागा करून दिली.

"या घराण्याचा मूळपुरुष," वड म्हणाला, "माझ्या सावलीत मेंढ्या राखी. एकदा त्याची मेंढी हरवली तेव्हा तो फार रडला होता."

राजाने मान खाली घातली. वड आल्या वाटेने परत गेला. पहिला पण जिंकला.

"दुसरा पण," धूम्राक्ष दात खात म्हणाला. "सूर्य बुडेतो राईतल्या प्रत्येक झाडापाशी त्याचा एकेक नातलग उभा कर. एक जरी झाड बिननात्याचे निघाले तरी हरलीस." आणि तो पोट धरून हसला; कारण त्याच्या मुलखात झाडाला नातलग असतो हे कोणी ऐकलेच नव्हते.

नगर मात्र हसले नाही. अहो, त्या राज्यात प्रत्येक कुळाला देवक होते! देवक म्हणजे कुळाचे झाड. लग्नात आधी त्याची डहाळी मांडवात यायची, मग नवरदेव. आपल्या देवकावर कोणी कुऱ्हाड चालवायची नाही. चुलतआजोबांच्या मानाने त्याला वागवायचे. आणि देवक एक ते सारे भाऊबंद.

लोक राईत शिरले. कोणी कळंबापाशी उभे राहिले, कोणी उंबरापाशी, कोणी जांभळीपाशी. तेली आळीचा बापूशेट आपट्यापाशी गेला, तर तिथे त्याचा हाडवैरी दाजी सोनार आधीच झाडाला टेकून उभा.

"तुझंही आपटाच? म्हणजे तू माझा भाऊबंद?"

"दिसतंय तसंच. नशीब माझं."

"मग भिंतीवरून सात वर्षं माझ्याशी भांडलास ते?"

"भाऊबंदांशी नाही भांडायचं तर कोणाशी? सरक जरा, उन्हात उभा आहेस."

धूम्राक्षाने झाडे तोडायला वाटेतल्या एका रानमुलखातून माणसे आणली होती. त्यांचा म्होरक्या मोहाच्या झाडापाशी थबकला. त्याने सालीला नाक लावले, कुऱ्हाड खाली टाकली आणि म्हणाला, "आमच्या गावी याला आम्ही बाबा म्हणतो." तो तिथेच बसला. ज्या घरांतली माणसे परगावी होती, त्यांच्या झाडापाशी लेकी-सुना उभ्या राहिल्या. ज्या घरांत कोणी उरले नव्हते, त्यांच्या झाडापाशी शेजारी.

सूर्य डोंगराला टेकला. आणि राईच्या मधोमध वायवर्णाचे एक वाकडेतिकडे झाड एकटेच राहिले. कोणाच्या घरी त्याचे नाव नव्हते.

"हरलीस!" धूम्राक्ष ओरडला. मावशीची पावले दगड झाली. दगड गुडघ्यापर्यंत चढला. लोक धावायला निघाले, पण जागा सोडली तर झाड बिननात्याचे होणार, म्हणून मावशी हात उगारून अडवीत ओरडली, "खबरदार, कोणी हललात तर! मी दगड झाले तर झाले, झाड सोडायचं नाही!"

कोणी हलले नाही. आसवे मात्र सगळ्यांची हलली.

तेवढ्यात थोरला वड बोलला. "त्या झाडाला नातलग आहे. मी साक्षीदार आहे. पण नाते ज्याचे त्याने सांगावे."

"तर मग हाच तिसरा पण," धूम्राक्ष म्हणाला. "सूर्य बुडायच्या आत त्याच्या तोंडून वदव. महाराज, घाव घाला!"

राजाने वायवर्णावर कुदळ उगारली. खाज आता सांजेलाही सुटली होती. मावशी आता कमरेपर्यंत दगड होती.

"महाराज," ती म्हणाली, "तुमच्या लग्नात देवक कुठलं बसवलं होतं?"

राजा गडबडला. "सोन्याचे पान. आमच्या वाडवडिलांपासून तीच चाल आहे. खरे पान सुकते, शोभा जाते."

"सोन्याला मूळ नसतं. म्हणून तुम्हाला तुमचं झाड ठाऊक नाही. मारा घाव! आम्ही तुमचे हात धरणार नाही. पण एक ऐका. घाव पडला की तुम्ही बिनदेवकाचे. तुमच्या मुलीला आमच्यातला कोणी मागणार नाही. तुमच्या घरी कोणी पंगतीला बसणार नाही. आणि तुम्ही गेलात, की तुमचे हे सगळे महाल तुम्हाला खांदा द्यायला येतात का ते बघा."

मग जांभळीखालून आवाज आला, "आम्ही नाही येणार." उंबराखालून आला, "नाही येणार." आपट्याखालून बापूशेट आणि दाजी एका सुरात म्हणाले, "नाही येणार!" सारी राई नाही म्हणाली. माणसांचे कुठले नि झाडांचे कुठले, ते कळेना. भालेवाले पहारेकरीसुद्धा म्हणाले. त्यांची तर नोकरी होती.

राजाने वर पाहिले. वायवर्णाच्या प्रत्येक देठाला तीन पाने होती. त्याच्या छातीवरच्या राजचिन्हातही तेच सोन्याचे पान होते, आणि त्याला तीनच दले होती. त्याने जन्मभर ते चिन्ह अंगावर वागवले होते आणि कधी विचारले नव्हते, की हे कशाचे पान.

"हे..." राजाने कुदळ खाली घेतली. "हे माझ्या घरचे झाड आहे."

"मोठ्यानं!" मावशी म्हणाली. दगड तिच्या गळ्याशी आला होता.

"हे माझ्या घरचे झाड आहे! याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!"

त्याच क्षणी सूर्य बुडाला. तिसरा पण जिंकला; राईला बोट लावायचे नाही, म्हणजे खणायला हिरवी जागाच उरली नाही, म्हणून कुदळ गळून पडली. मावशीच्या अंगावरचा दगड वाळल्या चिखलासारखा झडला. कुदळीला हात लागतो, तिने जवळचा हात शोधला. तो धूम्राक्षाचा होता. ती त्याला चिकटली आणि फरफटत वेशीपार घेऊन गेली. तो अजून कुठे ना कुठे खणतोच आहे. कुणाच्या राज्यात ते तुम्ही आपल्या खिडकीतून बघा.

महाल मोडून तलावाचे काठ बांधले. गायरान गाईंना मिळाले. राजा दोन्ही हातांनी जेवू लागला, राणीसाहेब परत आल्या. राजाने मावशीला पाच गावे इनाम देऊ केली. ती म्हणाली, "गावं नकोत. राईत येताना जोडे बाहेर काढा, म्हणजे झालं."

पुढे बऱ्याच दिवसांनी एक नवा प्रधान आला. त्याने अदबीने सुचवले, की राई राहू द्यावी, फक्त मधून एक लहानसा फरसबंद रस्ता काढावा, म्हणजे पालख्यांना सोयीचे. सकाळी तो जागा पाहायला गेला, तर प्रत्येक झाडाखाली माणूस उभा. दवंडी नव्हती, हुकूम नव्हता. वायवर्णाखाली अनवाणी राजा उभा होता, आणि त्याच्याशेजारी ठकूमावशी लाह्या वाटत होती.

प्रधानाने घाम पुसला. "तुम्हां सर्वांना बोलावले कोणी?"

"घरच्या कार्याला बोलवावं लागतं होय?" मावशी म्हणाली, आणि त्याच्या ओंजळीत लाह्या घालून विचारले, "तुमचं देवक कुठलं?"