खतामागचं पाणी

"...मग आता तरी जाऊ का, बाबा?"

गोरक्षनं पुन्हा विचारलं. अलोणीबाबा आंब्याखाली उकिडवे बसून नळीतून ठिबकणारं पाणी बघत होते.

मी जीप घेऊन गोरक्षला न्यायला आलो होतो. आमच्या गावात आजच सप्ताह बसला होता आणि शेवटच्या दिवसाचं कीर्तन त्यानं करायचं ठरलं होतं. त्याचं पहिलंच कीर्तन. वेशीवर लोक हार घेऊन ताटकळत होते. पण बाबांनी होकार दिल्याशिवाय हा पठ्ठ्या जीपमध्ये पाय ठेवणार नव्हता.

बाबांच्या मठात देऊळ एवढंसं आणि केशर आंब्याची बाग मोठी. बाग पूर्वी नावालाच होती. गोरक्ष शिकायला आला, त्यानं ठिबक अंथरलं, पाण्यातूनच खत द्यायला लागला आणि झाडांनी अंग धरलं. आज फांद्या फळांनी वाकल्या होत्या. बघून डोळे निवत होते.

"तुम्ही दिलेलं सगळं पाठ आहे, बाबा. एक शब्द सांडला नाही."

"खरं हाय. तुझ्याएवढं कुणी घेतलं न्हाई."

ते खरंच होतं. फाटकापासून बागेत येईपर्यंत त्यानं मला कीर्तनाचा एक तुकडा म्हणून दाखवला होता. हुबेहूब बाबा! तेच शब्द, तेच थांबणं, मधला खोकलासुद्धा. मला तर जाम आवडलं होतं.

बाबांनी वर बघितलं.

"टाकीतलं खत संपलं का रं?"

"आत्ताच संपलं."

"मग मोटर बंद कर आन् जा."

मी जीपची किल्ली काढली. गोरक्ष मात्र जागचा हलला नाही.

"असं कसं, बाबा? आता साधं पाणी सोडायला लागतं."

"कशापायी? झाडं जेवली की."

"झाडं जेवली, पण नळ्या राहिल्या ना. खत आतच सुकतं, भोकं बुजतात. मग पुढल्या वेळी नुसती मोटर चालते, टोकाच्या झाडाला काहीच मिळत नाही."

बाबांना हे ठाऊक नव्हतं थोडंच. गेल्या उन्हाळ्यात उगाच पाणी कशाला घालवायचं म्हणून त्यांनीच खतामागं मोटर बंद केली होती. टोकाच्या ओळीतली फळं तहानेनं गळून पडली. गोरक्षनं त्या ओळीतल्या नळ्यांचा एकेक ड्रिपर, म्हणजे ठिबकायची तोटी, काढून धुतला, पण गुरूला चकार शब्द बोलला नाही. मला त्याचं हे फार मोठं वाटतं.

"त्या साध्या पाण्यात काय असतं?" बाबांनी विचारलं.

"काहीच नसतं, बाबा."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. म्हणून तर आत साचलेलं सगळं धुवून..."

गोरक्ष बोलता बोलता थांबला.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. पुढं आले आणि वाकून त्यांनी गोरक्षच्या पायांना हात लावला.

तो चटका बसल्यासारखा मागं सरला. "बाबा! हे काय करताय?"

"जन्मभर कीर्तनं केली. मला हे असं सांगता आलं न्हाई."

गोरक्षचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत कशाला. असा गुरू बघायला मिळाला, आणि असा चेलासुद्धा.

नळ्यांतून आता नुसतं साधं पाणी वाहत होतं. मोटर चालू होती...

टोकाच्या झाडापर्यंत जाऊन गोरक्षनं पाणी तपासलं, मोटर बंद केली, हात धुतले. मग अगदी हळू आवाजात, माझ्याकडं न बघता, त्यानं विचारलं,

"मी... जाऊ का, बाबा?"

"जा की," बाबा म्हणाले. "आन् कीर्तनाचा दिस येईस्तोवर पंगतीत पाणी वाढ."