कौतिकमायच्या बिनबुडाच्या घागरी

फार वर्षं झाली या गोष्टीला. वऱ्हाडात नदीच्या काठावर तापखेड नावाचं गाव होतं. म्हणजे गाव आजही आहे, पण तेव्हा त्या गावाला डोळे नव्हते. एकाही घराला खिडकी नव्हती. झरोका नव्हता. मातीच्या दीड-दीड हात जाड भिंती, वर मातीचं माळवद आणि पुढे एकच दार. तेही उन्हाळ्याच्या दुपारी आतून अडसर घालून बंद.

असं का, तर एकदा उन्हाळ्यात लोकांनी वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि त्याच खिडक्यांतून दरोडेखोर आत शिरले होते. त्यांनी पाटलाला घरातून ओढून नेलं, ते कायमचं. पाटलाचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तो मोठा होऊन आनाजी पाटील झाला, आणि त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर गावातल्या सगळ्या खिडक्या लिंपून टाकल्या. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तो काठी घेऊन निघायचा आणि घरोघरच्या भिंती ठोकून बघायचा. उंदराचं बीळ दिसलं तरी घरधन्याला ऐकवायचा. घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे एका घरात शिरलेला चोर सगळ्या गावात शिरला असं त्याचं म्हणणं होतं. ते काही खोटं नव्हतं.

पण वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन ते! त्या बंद घरांत माणसं भाजून निघायची. दुपारी कुणी झोपत नव्हतं, नुसतं निपचित पडून राहायचं.

याच गावात नदीकडच्या टोकाला कौतिका कुंभारीण राहायची. नवरा लवकर गेला. लेक चाकावर बसायचा आणि ती त्यानं काढलेली भांडी थापायची. आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी फळीनं ठोकायचं. तिच्या हाताला इतकं कळायचं म्हणे, की डोळे मिटून ठोकलं तरी घागर कुठे जाड आणि कुठे पातळ आहे ते ती सांगायची. तोंडानं फटकळ होती. सुनेवर मात्र तिचा भारी जीव.

त्या सुनेचं, सुगंधाचं, पहिलं बाळ ऐन वैशाखात झालं. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, सगळ्यात अंधारी. सातव्या दिवशी दुपारी ते लेकरू तापलं, आणि दिवस मावळायच्या आत गेलं. कौतिका त्या दिवशी रडली नाही. ती त्या कोऱ्या भिंतीकडे नुसती बघत राहिली.

पुढच्या वर्षी सुगंधाला पुन्हा दिवस गेले आणि हिशेब पुन्हा वैशाखावरच आला. सून एक दिवस सासूचा हात धरून म्हणाली, "आत्याबाई, त्या खोलीत मी नाही जात. एक लेकरू गेलं, हेबी जाईन."

कौतिकानं सुनेचा हात थोपटला. ती आपली अंगणात जाऊन फळी घेऊन बसली.

आता ऐका. घागर चाकावरून उतरते तेव्हा तिला गळा असतो, काठ असतो, पण बूड नसतं. बूड उघडंच असतं. ते थापून थापून मिटवायचं, हे कुंभारणीचं काम. त्या दिवशी पश्चिमेचा गरम वारा सुटला होता आणि अशाच बिनबुडाच्या ओल्या घागरी अंगणात आडव्या पडल्या होत्या. कौतिका एकीच्या गळ्यासमोर बसलेली. बुडातून शिरलेला वारा गळ्यातून बाहेर आला आणि तिच्या घामेजल्या गालाला लागला. वारा गार होता!

तिनं हात पुढे केला. दुसऱ्या घागरीसमोर गेली. तीही तशीच. ती उठली, वेड लागल्यासारखी सगळ्या घागरींपुढे गाल धरत फिरली. जन्मभर ती जे बूड मिटवत आली होती, ते तिनं त्या दिवशी मिटवलं नाही. तशाच एकवीस घागरी तिनं आव्यात भाजल्या आणि आखाजीच्या आठ दिवस आधी पाटलाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भितीत घागरी बसवतो म्हन्ते?" पाटील कडाडला. "कौतिके, माह्या बापाले खिडकीतूनच नेलं त्यायनं. ठावं हाय ना तुले?"

"ठावं हाय, पाटीलबुवा. पन माह्या घरातलं चोरानं एक गाडगंबी नेलं नाही. माह्या नातवाले ह्या बंद भितीनं नेलं."

 पाटील म्हणाला, "अन् घागर फोडाले चोराले किती वेळ लागते?"

"फोडू द्या. फोडली का आवाज होते. आता मातीची भित पानी मारून कोरली, तं कुत्र्यालेबी समजत नाही. पाहून घ्या तुमीच."

 पण लहानपणी बसलेली भीती उत्तरांनी जात नाही. तो म्हणाला, तुझ्या एकटीच्या घराला बसव. मात्र त्या भिंतीतून गावावर काही संकट आलं, तर तू लेकासुनेसकट गाव सोडायचं. कौतिकानं पदर कमरेला खोचला आणि हो म्हणाली.

तिनं नदीकडची भिंत फोडून एकवीस घागरी ओळीनं बसवल्या. उघडं बूड बाहेर, गळा घरात. गळ्यातून मूठ जाईल, माणूस जाणार नाही. घागरी बाहेरच्या बाजूला जराशा वर कलत्या ठेवल्या आणि गळ्याला मातीची छोटी पाळ केली, म्हणजे पोटात ओंजळभर पाणी राहील. मग वारा आला. पाण्यावरून फिरला, गार झाला आणि गळ्यागळ्यातून घुमत आत आला. कुणी शिकवलं नव्हतं, पण एकवीस घागरी एका सुरात गाऊ लागल्या. मंद, एकसारखा घुमारा. असं म्हणतात, की सुगंधाचं बाळ त्या सुरातच जन्मलं आणि पहिलं रडणं रडून लगेच झोपलं.

बातमी गावभर झाली. आधी शेजारीण आली, मग तिची नणंद आली, आणि पंधरा दिवसांत गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या दुपारच्या कौतिकाच्या घरी. आढ्याला अकरा झोळ्या टांगल्या. बाहेर दगड फुटेल असं ऊन आणि आत अकरा लेकरं गाढ झोपलेली. पाटील रोज काठी घेऊन बाहेरून चक्कर मारायचा, भिंतीकडे संशयानं बघायचा आणि निघून जायचा. त्याचा स्वतःचा नातू त्याच अकरांत होता, हे त्याला घरच्या बायकांनी सांगितलंच नव्हतं.

आणि मग दरोडेखोर आले. भर दुपारी, कारण तापखेड दुपारी अर्धमेलं असतं हे त्यांना माहीत होतं. किती होते? कुणी सात सांगतं. म्हातारी माणसं एकवीस सांगतात, घागरीमागे एक, आणि त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. तापलेल्या वाळूतून नदी ओलांडून ते कौतिकाच्या भिंतीशी आले. पाय भाजलेले, घशाला कोरड. समोर भिंतीत गार घागरी आणि त्यांत पाणी. दरोडा राहिला बाजूला! एकेकानं एकेका घागरीत तोंड घातलं.

वारा अडला. सूर थांबला.

झोका किंवा अंगाई थांबली की तान्हं मूल जागं होतं, हे कुठल्याही आईला विचारा. सगळ्यात आधी सुगंधाच्या बाळानं टाहो फोडला, आणि पाठोपाठ अकराच्या अकरा लेकरं एकदम रडली. कौतिका दचकून उठली. घागरीच्या गळ्यातून बघते, तर पलीकडे मिशा!

ती ओरडली नाही. तिनं फळी उचलली आणि घागरींच्या गळ्यांवर ठोकायला सुरुवात केली. नगारा वाजावा तसा आवाज गावावरून गेला. ज्यांची डोकी आत होती त्यांच्या कानांचं काय झालं असेल ते विचारूच नका. असं म्हणतात, की तिनं एकशे एक ठोके मारले आणि एकही घागर तडकली नाही. सारं गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं. दरोडेखोर कान धरून वाळूत बसले होते, पळायचं भानही त्यांना नव्हतं.

त्यांचा म्होरक्या कौतिकाला म्हणाला, "माय, उन्हाळ्यात भितीतून गार वारा जन्मात पयल्यांदा लागला. पानी प्याले थांबलो अन् फसलो."

"मंग आधी पानी पे पोटभर," कौतिका म्हणाली, "अन् मंग माती तुडव."

आणि खरंच त्यांनी पावसाळ्यापर्यंत तापखेडात माती तुडवली. त्या मातीच्या घागरी झाल्या आणि गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीत बसल्या. पाटलाचं घर शेवटचं होतं. तिथली लिंपलेली खिडकी आनाजी पाटलानं स्वतःच्या हातानं फोडली, तीच, ज्यातून त्याच्या बापाला नेलं होतं. पहिली घागर त्यानंच बसवली आणि वारा घुमू लागल्यावर तो लहान मुलासारखा रडला. मग तिथेच भिंतीला टेकून झोपला. सातव्या वर्षानंतर पहिल्यांदा गाढ झोपला, असं म्हणतात.

आता तापखेडात सिमेंटची घरं आहेत, पंखे आहेत, कूलर आहेत. तरी नवीन घर बांधलं की नदीकडच्या भिंतीत एक बिनबुडाची घागर बसवतात. आखाजीला पितरांची घागर पूजली, की तिच्यातली पहिली ओंजळ भिंतीतल्या घागरीत घालतात आणि कौतिकमायचं नाव घेतात. त्याच भिंतीला बाहेरून एक रांजण भरून ठेवलेला असतो, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आणि भर दुपारी लेकरू अचानक रडलं, तर तापखेडची आई आधी झोळीकडे जात नाही. ती आधी दार उघडून भिंतीपलीकडे बघते, तिथे कुणी तहानलेलं उभं आहे का ते.