शेकरांचा नवा महाल

रुद्रोजीराजांना सातमजली महालाचं वेड लागलं, आणि लाकडासाठी त्यांची नजर देवराईवर गेली. अडचण एकच होती. तिथल्या शेकरांना कधी धक्का लावणार नाही, अशी शपथ त्यांनी राज्याभिषेकाच्या दिवशी देवीपुढे घेतली होती.

दिवाणजींनी भर सभेत मिशीला पीळ दिला. "सरकार, झाडं तोडली म्हणजे काय शेकरू मारलं? खारी राहतात तशी तीही राहतील लोकांच्या परसात. शेकरू म्हणजे शेवटी थोराड खारच!"

राजे खूश झाले. तेवढ्यात देवराईकाठच्या गावची पाटलीण हौसाबाई उठली.

"तोडा महाराज, खुशाल तोडा! पण खार जमिनीवर हुंदडते, परसात रमते. शेकरू काही खाली पाय टेकायचं नाही. त्याला उंचच जागा लागते. देवराई गेली, की मुलखात उंच उरणार तो तुमचाच महाल. मग शेकरं तिथं येतील, तुमच्या गाद्या कुरतडून घरटी बांधतील. अन् हाकलायला जावं, तर तुमचीच शपथ आडवी!"

सभेत खसखस पिकली. राजेही पोट धरून हसले.

"दिवाणजी," ते म्हणाले, "महाल एकमजलीच बांधा. आणि तोही दगडाचा!"