शेवंतीची बाग आणि राखी पाखरू

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीत शेवंतीचं एक गाव होतं. हिवाळ्यात तिथं धुकं असं उतरे, की घरंदारं, झाडं, माणसं सगळी कुणाच्या तरी स्वप्नातली वाटत. पौषात देवीची जत्रा भरे, तेव्हा गाव तिला पायांपासून मुकुटापर्यंत शेवंतीनं मढवी.

त्या गावाचा एक नियम होता. राखी पाखरू बागेत उतरलं, की थाळी बडवायची. का, ते विचारायचं नाही.

यंदा थाळी चिमाच्या हाती आली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "का?"

"विचारायचं नाही म्हटलं ना!" आत्या करवादली. "गाव चालवणाऱ्या थोरल्या आबांच्या मिशा काय उगाच पांढऱ्या झाल्या?"

"मिशा तर आपल्या बोक्याच्याही पांढऱ्या आहेत, आत्या."

आत्यानं लाटणं उगारलं. चिमा थाळी घेऊन पळाली.

एका पहाटे ती बागेच्या पार कोपऱ्यातल्या वाफ्यापाशी उभी होती. बोटं गारठलेली, डोळ्यांवर झोप. तेवढ्यात धुक्यातून मूठभर राखी पाखरू आलं. डोकं काळं, गाल पांढरे. एका कळीवर उलटं लटकून ते टोचू लागलं. चिमानं थाळी उचलली.

"थांब की गं जरा," पाखरू म्हणालं. "न्याहारी तरी होऊ दे."

"आमच्या कळ्यांची न्याहारी?"

"कळ्या कोण खातंय? उघडून बघ."

पाखरू खरंच बोललं, की तिला डुलकी लागली होती, ते तिलाही पुढं कधी सांगता आलं नाही. पण तिनं शेजारची कळी उघडली. आत हिरवी अळी वेटोळं घालून बसली होती, आणि कळी आतून पोखरलेली. आणखी एक उघडली. तिच्यातही तेच.

त्या दिवसापासून चिमा बागभर थाळी बडवत फिरे, पण कोपऱ्यातल्या वाफ्यापाशी आली की हात खाली घेई. धुक्यात कोणाला दिसतंय?

जत्रा आठ दिवसांवर आली. बागेतल्या कळ्या काळ्या पडून गळू लागल्या. देवी यंदा उघडी राहणार, म्हणून गाव धास्तावलं. थोरल्या आबांनी पारावर सगळ्यांना जमवलं.

"नुसत्या थाळीनं भागत नाही," ते म्हणाले. "बांधावरची बोरीची जाळी पेटवा. पाखरं तिथंच वस्तीला असतात. थाळीवाली कोण? चिमा ना? घे ही पेटती चूड."

चिमानं चूड घेतली नाही. थाळी मात्र पुढं केली. तिच्यात एका बाजूला कोपऱ्यातल्या वाफ्याची टपोरी, पिवळीधमक फुलं होती. दुसऱ्या बाजूला बाकी बागेतल्या कळ्या, उकललेल्या, आणि त्यांच्यातून अळ्या वळवळत बाहेर येत होत्या.

"ही फुलं कुठली?" आबांनी विचारलं.

"जिथं मी पंधरा दिवस थाळी वाजवली नाही, तिथली. पाखरू कळी फोडतं ते अळीसाठी. जी कळी ते फोडतं, ती आधीच गेलेली असते; बाकीच्या त्यानं वाचतात."

"कार्टे, विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं!" आत्या ओरडली.

"विचारलं कुठं? मी फक्त बघितलं." चिमानं थाळी आबांच्या पायाशी ठेवली. "जाळी मी पेटवणार नाही. आणि उद्यापासून थाळीही वाजवणार नाही."

आबांनी तोंड उघडलं. थाळीतली एक अळी सरपटत त्यांच्या जोड्याच्या टोकावर चढली, तशी त्यांनी चूड मातीत खुपसून विझवली. आत्या वाकून एकेक कळी उघडून बघू लागली.

आणि त्या शांततेत, बांधावरच्या बोरीतून, धुक्याआडून, एक बारीकशी शीळ आली. ती त्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाजत होती. थाळीच्या आवाजात गावानं ती कधी ऐकलीच नव्हती.

तात्पर्य: ज्या नियमाला 'का' विचारलेलं खपत नाही, त्याची कळी आधी उघडून बघावी.